चौथ्या प्रकरणाचा सौदा

सर, तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हणालो. मागच्या रांगेत बसून इतरांचे शब्द ऐकले. एकानं तुम्हाला ज्ञानाचा महासागर म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. औरंगाबादहून समुद्र किती लांब आहे हे दोघांनाही ठाऊक नसावं. तिसऱ्यानं तुमच्या निर्भीडपणाचं कौतुक सुरू केलं तेव्हा मात्र मला ठसका लागला. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांना वाटलं, मला भरून आलं.

निर्भीड! भाजीवालीला ‘जरा कमी कर’ म्हणायची ज्याची छाती झाली नाही तो माणूस निर्भीड. मेल्यावर माणसाला काहीही चिकटवता येतं, कारण तो काढून टाकायला येत नाही.

आता कॉलेजच्या स्मृती अंकासाठी त्यांनी लेख मागितला आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या तुकडीतले आम्ही दोघं-तिघंच उरलो, त्यात वर्गणी देऊ शकेल असा मी एकटा. म्हणून मागितला असावा. तर लिहितो. पण तुमच्याविषयी नाही, तुम्हालाच लिहितो, कारण भांडण तुमच्याशी आहे आणि ते अर्धवट राहिलं आहे. चाळीस वर्षं मी तुमच्यावर चिडून आहे. तुमच्या तेराव्यानंतर काकूंनी मला एक गोष्ट सांगितली, त्यामुळं माझा राग निवळला असं कुणी समजू नये. राग आहे तेवढाच आहे. फक्त तो इतकी वर्षं जिथं ठाण मांडून बसला होता ती जागा राहिली नाही.

तुम्हाला भाव करता येत नसे, इथूनच सुरुवात करू. तुम्ही आम्हाला किंमत कशी ठरते हे शिकवायचे आणि संध्याकाळी पिशवी घेऊन शहागंजात जाऊन पहिल्यांदा सांगितलेली किंमत देऊन यायचे. मी एकदा तुमच्याबरोबर होतो. सीताफळाचे दिवस होते. टोपलीवाला म्हणाला बारा आणे, तुम्ही खिशात हात घातला. मी तुमचं मनगट धरलं.

“बारा आने? सीताफल बेच रहा या सोना?”

“तुम बीच में मत बोलो भाई. मास्तरसाब ले रहे.”

“मास्तरसाब को तू लूट रहा.”

“लूट कां रहा? मैं मुँह खोलने के पहले इनका हात जेब में रहता. ऐसे आदमी को लूटने में मजा बी नई आता.”

आजूबाजूचे सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी सहा आण्यांत टोपली मिळवली, आणि तुम्ही मी वळल्यावर त्याला उरलेले सहा आणे दिलेत. मला दिसलं ते. वाटेत मी तुम्हाला झापलं, तर म्हणालात, “काशिनाथ, बाजारात किंमत ठरलेली असते. आपण नुसतं तिथं जाऊन पोचायचं असतं. तू जरा वळणं घेत जातोस, एवढंच.”

“किंमत ठरलेली नसते सर. ठरवायची असते. आणि जो गप्प बसतो त्याच्याविना ठरते.”

तेव्हापासून तुम्ही मला सौदागर म्हणायला लागलात. मी त्याचा राग धरला नाही. धरण्यासारखं पुढं बरंच यायचं होतं.

तुमचं शिक्षण हैदराबादेत, सगळं उर्दूत झालेलं. मागणी म्हणजे तलब, पुरवठा म्हणजे रसद. पोलिस ॲक्शन झाली, राज्य बदललं, आणि तुम्हाला तेच सगळं इंग्रजीत शिकवायची वेळ आली. तुम्ही रात्रीतून शब्द बदलले आणि सकाळी वर्गात उभे राहिलात, आवाज कापत असायचा. फळ्यावर दोन रेघा काढायचे, एक खाली येणारी, एक वर जाणारी, आणि त्या जिथं एकमेकींना कापतात तिथं खडूचा ठिपका द्यायचे. “ही किंमत.” आम्ही वहीत ठिपका द्यायचो. दुसऱ्या वर्षी मला ते सहन होईना. मी उभा राहिलो.

“सर, त्या ठिपक्यावर रुमाल टाका.”

वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, “काय म्हणालास?”

मी सांगितलं. माझे अण्णा सिल्लोडच्या कापूस बाजारात दलाल. तिथं भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि व्यापारी एकमेकांचे हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव करतात. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच, बोटाचं पेर दाबलं तर अर्धा. शेकडा की दहा की रुपया हे दोघांना आधीच माहीत असतं. घासाघीस होते, नाही म्हणायचं तर हात झटकायचा, हो म्हणायचं तर शेवटी हातावर हात मारायचा. सौदा झाला. ज्याचा कापूस आहे तो शेतकरी गाडीला टेकून हे सगळं बघत असतो. त्याला फक्त रुमाल दिसतो. आणि आत काय झालं हे कुणी बाहेर बोलायचं नाही, हा धंद्याचा धर्म. बोलला तो बाजारातून उठला.

दुसऱ्या कुणी प्राध्यापकानं मला खाली बसवलं असतं. तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात, “ह्याच्यावर प्रबंध लिही.”

एवढं मी मान्य करतो. बी.ए. ऑनर्सला प्रबंध लिहिणारा आमच्यात मी पहिला, आणि तो विषय तुम्ही ओळखलात. तुम्ही ओळखलात म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

बोटांची भाषा मी तुम्हाला शिकवली, तुमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी. काकूंचा हात पुसायचा टॉवेल घेतला होता. पण तुम्हाला गुदगुल्या व्हायच्या. मी दोन बोटं धरली की तुम्ही खी-खी करून हात ओढून घ्यायचे. काकू आतून म्हणायच्या, “काय चाललंय रे दोघांचं?” पस्तिशीचा माणूस, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि पंजा धरला की लहान पोरासारखा वाकडा होतोय. तीन आठवड्यांत तुम्ही कसेबसे पाचापर्यंत शिकलात. मी म्हणालो होतो, “सर, तुम्ही सिल्लोडला आलात तर पहिल्या दिवशी नेसत्या कपड्यांवर परत जाल.”

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत दर शनिवारी मी एसटीनं सिल्लोडला जायचो आणि अण्णांच्या शेजारी बसायचो. अण्णांना वाटायचं, पोरगं धंद्यात रस घ्यायला लागलं.

“काय लिव्हायलास रे?”

“कालेजचं हाय.”

“कालेजात कापूस शिकिवतेत व्हय?”

“शिकिवतेत.”

“मग बरं हाय की,” म्हणायचे आणि पुढच्या गाडीकडं वळायचे. दिवसभराचे सौदे संपले की मी त्यांना विचारायचो, कुठल्या गाडीचा काय भाव झाला. मुलगा म्हणून ते सांगायचे. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं. मग अण्णांनी शेतकऱ्याला काय भाव सांगितला होता ते आठवून मी शेजारी लिहायचो. दोन्ही रकाने सारखे क्वचितच असायचे.

अजिंठ्याकडचा एक म्हातारा होता. रुमाल निघाला, हातावर हात पडला, तो पुढं आला आणि म्हणाला, “किती झालं वो?” अण्णा म्हणाले, “झालं तुमच्या मनासारखं.” म्हातारा म्हणाला, “माझ्या मनातलं मी तर कुणाला सांगितलं नाय.” अण्णा मोठ्यानं हसले, व्यापारी हसला, मग म्हाताराही हसला आणि गाडी सोडायला गेला. मी ते तसंच्या तसं उतरवून घेतलं. चौथं प्रकरण त्याच्यापासून सुरू होत होतं.

प्रकरणं पाच होती. पहिल्यात तालुक्याची माहिती. दुसऱ्यात तुमच्या आग्रहानं घातलेले सिद्धांत आणि आलेख. तिसऱ्यात रस्ते, गाड्या, वाहतूक. पाचव्यात निष्कर्ष. ही सगळी कुणीही लिहिली असती. चौथं मात्र माझ्याशिवाय कुणाला लिहिता आलं नसतं, कारण रुमालाखालचं बाहेर आणायला आतला माणूस लागतो आणि आतला माणूस लिहीत नाही. त्यात मी बोटांची सगळी भाषा दिली होती आणि सौद्यांचे दोन रकाने. नावं घातली नव्हती, ‘एक दलाल’, ‘दुसरा दलाल’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, झाकलं.

तुम्हीच मला इंग्रजी वाक्य लिहायला शिकवलंत. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ती अशी की मागं फिरता येणार नाही. माझे आजचे करार वकील बघून म्हणतो, हे कुणी लिहून दिलं? मी तुमचं नाव सांगत नाही, पण ते तुमचं आहे. त्या वाक्यांत चौथं प्रकरण लिहिलं. गुलमंडीवर रशीदभाई टायपिस्ट होते, मूळचे सिल्लोडचे, त्यांनी टाइप केलं. तुम्ही ते बाकावर बसून सलग वाचलंत आणि चष्मा काढून म्हणालात, “काशिनाथ, हे खरं काम आहे.”

तुमच्या तोंडून एवढं एकच कौतुक मला मिळालं. ते आठ दिवस टिकलं.

आठ दिवसांनी तुम्ही मला घरी बोलावलंत आणि खिडकीकडं बघत म्हणालात, “चौथं प्रकरण काढून टाक.”

“का?”

“पुरावा नाही.”

“पुरावा? मी तिथं बसलो होतो सर!”

“लेखी पुरावा नाही. तळटीप काय देणार?”

“अण्णांच्या हाताला तळटीप लावू?”

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवतं आणि त्यातला एकही शब्द मी आज मागं घेत नाही. शेवटी म्हणालो, “तुम्ही भित्रे आहात सर. बाजार समितीवाले काय म्हणतील, वरचे साहेब काय म्हणतील, म्हणून घाबरलात.”

तुम्ही म्हणालात, “असेन.”

असेन! भांडताना समोरच्यानं असेन म्हटलं की भांडायला काही उरत नाही. तुम्ही मला भांडण तरी धड द्यायला हवं होतं. टाइप केलेली पानं आणि कार्बनच्या प्रती तुमच्याकडंच दिल्या होत्या, तुम्ही परत केल्या नाहीत. माझ्या पिशवीत हातानं लिहिलेला कच्चा खर्डा होता, तो मी तुमच्यासमोर फाडला. तुम्ही “काशिनाथ, नको” म्हणत उठलात, पण मी कुणाचं ऐकणारा नव्हतो. असं ते प्रकरण गेलं. निम्मं तुम्ही घालवलंत, निम्मं माझ्या डोक्यातल्या आगीनं.

घाईत बांधणी झाली. पाचव्याचं चौथं केलं. पण एक वाक्य तसंच राहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. “‘मागील प्रकरणात दाखवल्याप्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या मालाचा भाव कळत नाही.’ मागच्या प्रकरणात तर बैलगाडीचे रस्ते आहेत. हे दाखवलंत कुठं?”

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही चष्मा पुसत होता.

“सरांना विचारा,” मी म्हणालो.

आणि तुम्ही चष्मा डोळ्यावर न चढवता म्हणालात, “विद्यार्थ्याकडून चूक झाली आहे. त्यानं तपासायला हवं होतं.”

परीक्षकांनी प्रबंध मिटला. “मग ही नुसती बाजारगप्प झाली.”

मला दुसरा वर्ग मिळाला. एम.ए.च्या शिष्यवृत्तीला पहिला लागत होता. मी ट्रंक उचलली आणि सिल्लोडला गेलो. अण्णा फाटकात उभे होते. म्हणाले, “आलास? बरं झालं.” एवढंच. दुसऱ्या दिवशी मला बाजारात नेलं आणि माझा हात रुमालाखाली घातला.

त्यानंतरची चाळीस वर्षं सांगत नाही. कापसातून सरकी काढायच्या दोन जिनिंग उभ्या केल्या, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. जिल्ह्यात माझ्याइतका चिवट सौदा करणारा दाखवा म्हणतात. पुढं बाजारात उघडा लिलाव आला आणि रुमाल गेला. आता विद्यापीठातली पोरं वह्या घेऊन माझ्याकडं येतात, “काका, ती बोटांची पद्धत सांगा ना,” म्हणतात. ज्यांना कापसाचं बोंड आणि बोर यातला फरक कळत नाही ते त्यावर डॉक्टर होतात. मी त्यांना चहा पाजतो आणि काही सांगत नाही. जे मी एकविसाव्या वर्षी लिहून ठेवलं होतं ते तुम्ही खिडकीबाहेर बघत घालवलंत.

तुम्ही मात्र संबंध तोडला नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी एसटीनं सिल्लोडला यायचात, जिनात कापूस नाकातोंडात जाईपर्यंत उभे राहायचात. “काय सौदागर, कसं चाललंय?” मी तुम्हाला खुर्ची द्यायचो, जेवायला घालायचो, आणि दर वेळी त्याच भांडणावर यायचो. अण्णा गेले त्या वर्षी तुम्ही भेटायला आलात तेव्हा तर मी आवाज न चढवता विचारलं होतं.

“सर, आता अण्णा गेले, बाजार बदलला, ते परीक्षकही गेले असतील. आता तरी सांगा. का काढलंत?”

तुम्ही खिडकी शोधलीत. जिनाच्या ऑफिसला खिडकी नव्हती. मग भिंतीकडं बघून म्हणालात, “पुरावा नव्हता रे.”

त्या दिवशी मी ठरवलं, हा माणूस आतून पोकळ आहे. मी तुम्हाला एसटीपर्यंत सोडायलाही आलो नाही. ड्रायव्हरला पाठवलं.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात, बोललात काही नाही. मी पाच-दहा मिनिटं बसलो, डॉक्टरांच्या बिलाचं काही अडलं का ते काकूंना विचारलं आणि निघालो.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी काकूंकडं गेलो. माणसं गेली होती. काकूंनी चहा ठेवला आणि खिडकीशेजारच्या तुमच्या खुर्चीवर मला बसवलं. मी म्हणालो, “इथंच बसून सरांनी माझं वाटोळं केलं.” त्या हसल्या. म्हणाल्या, “हो, आणि तुझे अण्णा तिथं, सतरंजीवर.”

मी कप खाली ठेवला. “अण्णा? अण्णा इथं कधी आले?”

“अरे, तुझं ते पुस्तक चाललं होतं तेव्हा. टोपलीभर कणसं घेऊन आले होते मक्याची. तुला सांगायचं नाही म्हणाले होते हे. आता हेच गेले, आता कुणाचं काय.”

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही सभेतल्या वक्त्यांना हवे तसे महासागर व्हा सर, पण हे ऐकताना मी तुमच्या खुर्चीत बसलो होतो.

रशीदभाईंनी टाइप करताना एक ओळ वाचली होती. तिच्यात लिहिलं होतं, की एका दलालाचं मधलं बोट जिनात जाऊन अर्धं राहिलं आहे, आणि ‘अर्धा’ म्हणायचं असलं की तो पेर दाबत नाही, ते अर्धं बोटच समोरच्याच्या तळव्यावर टेकवतो. मला ते उदाहरण फार आवडलं होतं. सबंध प्रकरणात त्याच्याइतकं नेमकं काही नव्हतं. नावं झाकली आणि बोट उघडं ठेवलं. सिल्लोडपासून अजिंठ्यापर्यंत अर्ध्या बोटाचा दलाल एकच होता. रशीदभाईंनी भला माणूस म्हणून जाऊन अण्णांना सांगितलं, “तुमचा हात छापून येतोय.”

अण्णा मला काही बोलले नाहीत. तुमच्याकडं आले. काकू म्हणाल्या, “पोराच्या विरुद्ध बोलायचं, तेही मास्तरासमोर, त्यांना जमेना. पाऊस, कापूस, काहीतरी बोलले. मग म्हणाले, ‘मास्तर, पोरगं म्हनतंय तुमाला हात वाचता येतोय.’ आणि खांद्यावरचा रुमाल काढला.”

तुम्हाला, सर! पाचापर्यंत शिकलेल्या माणसाला!

अण्णांनी पंजा धरला. पाचही. सगळा प्रबंधच बंद करा. तुम्ही हात झटकलात. पुन्हा हात आत. तुम्ही एक बोट धरलंत. अण्णांनी मान हलवली. “दोनदा चहा गरम केला मी,” काकू म्हणाल्या, “दोघंही घेईनात. तुझे अण्णा चारवर आले, मग तीनवर, हे ह्यांनी मला नंतर सांगितलं. ह्यांचं आपलं एकच. मला आतून दिसत होतं, ह्यांना गुदगुल्या होत होत्या. ओठ चावून बसले होते, पण हात ओढून घेतला नाही. शेवटी अण्णांनी हातावर हात मारला. ते गेल्यावर हे मला म्हणाले, ‘पाचावरून एकावर आणलं.’ बाजारातून काही स्वस्त आणल्यासारखा चेहरा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

“मीही म्हटलं, सांगा त्याला. तर म्हणाले, रुमालाखालचं बाहेर बोलायचं नसतं. काशिनाथनंच शिकवलंय.”

काकू पुढंही सांगत होत्या. वाचताना ते अर्धं बोट कुणाचं हे तुम्हाला कळलं नव्हतं. रुमालाखाली तळव्याला लागलं तेव्हा कळलं. म्हणजे त्या बोटानं अण्णा ओळखू येतील हे लिहिणाऱ्याला कळलं नाही, वाचणाऱ्याला कळलं नाही, टाइप करणाऱ्याला तेवढं कळलं.

घरी येऊन मी त्या दवाखान्यातल्या हाताचा पुष्कळ विचार केला. एखादं बोट दाबलं होतंत का, एक, की पेर, की काही. आठवून आठवून पाहिलं. काही नव्हतं. नुसता हात होता, गार. मरतानासुद्धा तुम्ही सौदा पाळलात. अण्णा जाऊन बावीस वर्षं झाली, बाजारातून रुमाल जाऊन त्याहून जास्त. ज्या धंद्यात तुम्ही कधी नव्हता त्याचा नियम पाळणारे तुम्ही शेवटचे. याला निष्ठा म्हणतात की मूर्खपणा, हे मला ठरवता येत नाही. मी मूर्खपणा म्हणतो. तुम्ही दोन वाक्यं बोलला असतात तर मी अण्णांशी एकदा तरी नीट बोललो असतो. ते फाटकात ‘बरं झालं’ म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघितलं असतं. हे नुकसान तुमच्या खात्यावर आहे आणि ते मी सोडणार नाही.

पण धंद्यातला माणूस म्हणून एक सांगतो. अण्णांना पाचावरून एकावर आणणं हे मला कधी जमलं नाही. कुणालाच जमलं नाही. मी तिथं असतो तर रुमाल फेकून उठलो असतो, आणि प्रबंधही गेला असता, अण्णांचा बाजारही गेला असता. तो एक सौदा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला केलात. लिहून देतो.

आणि त्यातही कच्चे ते कच्चेच राहिलात. सर, बोटात फक्त एक येतं. कोणतं प्रकरण ते बोटात येत नाही. अण्णांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. टाइप केलेली पानं कार्बनसकट घेऊन ते गेले आणि काकू म्हणाल्या, बहुतेक बंबात घातली असतील. तुम्ही त्यांच्या हातात दुसरं प्रकरण ठेवलं असतं, ते तुमच्या आलेखांचं, तर त्यांनी तेच बंबात घातलं असतं आणि समाधानानं झोपले असते. चौथ्यातली ती अर्ध्या बोटाची एक ओळ खोडली असती तर अण्णा वाचले असते, मी वाचलो असतो, पहिला वर्ग वाचला असता. मी तेच केलं असतं. अण्णांनीही तेच केलं असतं. बाजारातला कुठलाही दलाल तेच करतो. समोरच्याला रुमालाखालचं कळत नाही, त्यावरच तर सगळा धंदा उभा होता. मी चौथ्या प्रकरणात दुसरं काय लिहिलं होतं?

ते प्रकरण तुम्ही बाकावर बसून सलग वाचलंत. आणि आठ दिवसांच्या आत, ज्याला वाचता येत नव्हतं त्याच्या हातात नेमकं चौथंच दिलंत.

नाही सर. तुम्हाला धंदा जमलाच नसता.